गटाला पेलेल असं टेंडर

दिवाळी तोंडावर आली की पाटण तालुक्यातल्या बचत गटांच्या चुलीवरून रात्री उशिरापर्यंत कढई उतरत नाही. भाजणीच्या चकल्या, चिवडा, नाचणीचे लाडू हातोहात खपतात. भाऊबीज सरली की गिऱ्हाईक पांगतं. बारा महिने खरेदी करणारं मोठं गिऱ्हाईक म्हणजे सरकार. अंगणवाडीचा आहार, दवाखान्याच्या चादरी, शाळेचे गणवेश कुणीतरी पुरवतंच. मग ते या बायकांनी का पुरवू नयेत? यंदाचा अंक याच प्रश्नाला वाहिला आहे.

सरकारी काम बहुजनांनी घेणं आपल्याला नवं नाही. ज्यांचं मूळ गाव आपल्याच जिल्ह्यातलं कटगुण, ते महात्मा जोतीराव फुले सरकारी कामांचे कंत्राटदार होते. खडकवासला धरणाला त्यांनी बांधकामाचं साहित्य पुरवलं. बांधकाम खात्यातली लूट जवळून पाहिली आणि ती चव्हाट्यावरही मांडली.

आज नियम बाजूने आहेत. केंद्र सरकारची खाती आणि उपक्रम यांनी वर्षाच्या खरेदीतला किमान 25 टक्के माल सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यायचा आहे. त्यात 4 टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि 3 टक्के महिलांच्या उद्योगांकडून. पण टक्का कागदावर राहतो आणि काम कुणाला मिळणार ते टेंडरच्या अटी ठरवतात. अंगणवाडीच्या आहारात कंत्राटदार नकोत, गावचे गट आणि महिला मंडळं हवीत, असं सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्येच बजावलं होतं. तरीही आपल्या राज्यात घरपोच आहाराच्या टेंडरला अशा अटी लागल्या की छोटे गट दारातच अडले. अखेर फेब्रुवारी 2019 मध्ये न्यायालयाला ते टेंडर रद्द करावं लागलं.

म्हणून आमचं मागणं सरळ आहे. जिल्ह्याचं एकच टेंडर काढू नका, तालुक्याचे आणि गावांचे भाग पाडा. गटांना मोठ्या उलाढालीची अट लावू नका. मालाचा दर्जा मात्र कडक तपासा. सही बाईची आणि व्यवहार दुसऱ्याचा, असं दिसलं तर ते काम काढून घ्या. आणि बिल वेळेवर द्या. नोंदणी झालेल्या लघु उद्योगाचे पैसे 45 दिवसांत चुकते करा, असं कायदाच सांगतो. उधारीवर नाचणी घेऊन, दळून, पाकिटं भरून दिलेल्या गटाला बिलासाठी खेटे घालणं परवडत नाही; बँकेचा हप्ता कुणासाठी थांबत नाही.

बायकांना हे झेपेल का, असं अजूनही विचारलं जातं. उत्तर म्हसवडला आहे. माणदेशी महिला बँकेचा परवाना आधी नाकारला गेला, कारण सभासद बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या अक्षरं शिकल्या, पुन्हा रिझर्व्ह बँकेच्या दारात उभ्या राहिल्या आणि 1997 मध्ये स्वतःची बँक उभी केली.

या अंकात गटांच्या बायकांनी आपले अनुभव स्वतः लिहिले आहेत, ते आवर्जून वाचा. आणि पुढच्या ग्रामसभेत उभं राहून एवढंच विचारा, की यंदा पंचायतीने काय काय विकत घेतलं, आणि कुणाकडून?

शुभ दीपावली!

— संपादक