केबल आपण ओढायची, नेटवर्क त्यांनी चालवायचे?



ऑप्टिकल फायबरसाठी रस्त्याकडेला चर खोदणारे हात कोणाचे आहेत? इमारतीच्या जिन्यातून केबल ओढणारे, गच्चीवर चढून वायफायची पेटी बसवणारे, आठ रंगीत तारा क्रमाने लावून कनेक्टर क्रिंप करणारे हात कोणाचे आहेत? आपल्या कोणत्याही वस्तीत चक्कर मारा, दर दोन गल्ल्यांमागे असा एक तरी पोरगा भेटेल. आता दुसरा प्रश्न. ती केबल ज्या एसी खोलीत जाऊन संपते, तिथे राउटरसमोर बसून कोणता डेटा कोणत्या वाटेने जाईल हे ठरवणाऱ्यांत आपले किती आहेत? हा प्रश्न आम्ही बैठकांमध्ये विचारतो तेव्हा शांतता पसरते.

ही विभागणी आजची नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात प्रवेश नव्हता. तिथे पगार जास्त होता. कारण काय सांगितले जाई? धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो, विटाळ होतो! १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला. जात नुसती कामे वाटत नाही, काम करणाऱ्या माणसांनाच वरच्या-खालच्या कप्प्यांत टाकते, हे त्यांनी १९३६ साली पुन्हा सविस्तर सांगितले. आज विटाळाचे कारण कोणी उघड देत नाही. आज म्हणतात, "तुझे बेसिक कच्चे आहे." म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे: बेसिक पक्के करा. नेटवर्किंगचा पाया समजून घ्या, त्याची पहिली परीक्षा द्या आणि ते एकट्याने नको, संघटितपणे करा.

पहिली परीक्षा म्हणजे कोणती? कॉम्पटियाची नेटवर्क प्लस आहे. ९० मिनिटे, जास्तीत जास्त ९० प्रश्न. सिस्कोची सीसीएनए आहे. १२० मिनिटे, आणि प्रमाणपत्र ३ वर्षांसाठी. त्याच्याही आधीची, अगदी सुरुवातीची सीसीएसटी आहे. यांपैकी एकाही परीक्षेला बसण्यासाठी पदवीची सक्ती नाही. बारावीनंतर शिक्षण सुटलेला, आयटीआय केलेला, केबलवाल्याकडे रोजावर जाणारा, कोणीही बसू शकतो. ज्या देशात दारावर आधी आडनाव विचारतात, तिथे ही छोटी गोष्ट नाही.

आता आक्षेप घेऊ. पहिला आक्षेप आपल्याच पोरांचा असतो: "हे आपल्याला झेपणार नाही." का नाही झेपणार? या विषयातला सर्वात अवघड समजला जाणारा भाग म्हणजे सबनेटिंग. तो इथेच करून पाहू. आयपी पत्ता म्हणजे ३२ खाने, प्रत्येक खान्यात शून्य किंवा एक. १९२.१६८.१०.०/२६ असे लिहिले की पहिले २६ खाने नेटवर्कचे आणि उरलेले ६ यंत्रांचे. सहा वेळा २ मांडून गुणाकार करा, येतात ६४. त्यातला पहिला पत्ता नेटवर्कच्या नावाला जातो, शेवटचा सर्वांना एकदम हाक मारण्यासाठी राखीव असतो. उरले ६२. म्हणजे २५६ पत्त्यांचे चार गट झाले: ० ते ६३, ६४ ते १२७, १२८ ते १९१ आणि १९२ ते २५५. आता सांगा, .७० आणि .१३० ही दोन यंत्रे राउटरशिवाय एकमेकांशी बोलतील का? ७० दुसऱ्या गटात, १३० तिसऱ्या गटात. नाही बोलणार. झाले सबनेटिंग! यात आठवीपलीकडचे गणित कुठे आहे? हा विषय अवघड आहे ही अफवा ज्यांना आधी कळला त्यांच्या फायद्याची आहे.

दुसरा आक्षेप इंग्रजीचा. परीक्षा इंग्रजीत आहे हे खरे. पण समज इंग्रजीतच आली पाहिजे असे कोणी सांगितले? मॅक पत्ता फक्त पुढच्या टप्प्यापुरता असतो, प्रत्येक राउटरपाशी तो बदलतो. आयपी पत्ता मात्र मुक्कामाचा असतो. हे मराठीत नीट कळलेला मुलगा इंग्रजी प्रश्न दोनदा वाचून सोडवतो. न कळलेल्याला फाडफाड इंग्रजीही वाचवत नाही. ओएसआय मॉडेलच्या सात थरांची नावे पाठ करणारे शेकडो भेटतात. बिघाड कोणत्या थरात आहे ते सांग म्हटले की गप्प बसतात.

तिसरा आक्षेप आपल्या चळवळीतल्या ज्येष्ठांचा: "खासगी क्षेत्रात आरक्षण नाही. मग पोरांना तिकडे कशाला ढकलता?" खासगी क्षेत्रात आरक्षण हवेच, ती मागणी आम्ही एका दिवसासाठीही सोडणार नाही. पण मागणी मंजूर होईपर्यंत पोरांनी हात बांधून बसायचे काय? १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या तक्रारींचे निवेदन सरकारला दिले. कला आणि कायद्याच्या शिक्षणाचा या समाजाला फारसा लाभ होणार नाही, विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण हवे आणि त्याचा खर्च सरकारने करावा, असे त्यांनी त्यात मांडले. एका वेळी दोन्ही: हक्काची मागणीही आणि तंत्राचा आग्रहही. हे आम्ही समाजशास्त्रात एमए केलेली माणसे लिहीत आहोत. समाजशास्त्राने आम्हाला व्यवस्थेला प्रश्न विचारायला शिकवले. पण आता ती व्यवस्था तारांमधून चालते, आणि त्या तारांची भाषा येत नसेल तर प्रश्न विचारायचा तरी कोणाला?

उदाहरण घ्या. शिष्यवृत्तीच्या अर्जाचा शेवटचा दिवस, आणि उत्तर येते, "सर्व्हर डाऊन." विद्यार्थी रडकुंडीला येतो, नेटकॅफेवाला हात वर करतो. नेटवर्किंगचा पाया माहीत असलेला कार्यकर्ता तिथे काय करतो? आधी यंत्राचा पत्ता बघतो. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर यंत्राला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. बिघाड आपल्या खोलीत आहे. बाहेरच्या आयपी पत्त्याला पिंग जातो पण कोणतेच संकेतस्थळ नावाने उघडत नाही, तर दोष डीएनएसचा. आपले सगळे ठीक, बाकीची संकेतस्थळे उघडतात आणि तेवढे एकच उघडत नाही, तर बोट सरकारकडे वळते. मग तारीख, वेळ आणि स्क्रीनशॉटसह समाजकल्याण कार्यालयात लेखी तक्रार जाते. पुराव्यासह मुदतवाढ मागणे वेगळे आणि हात जोडून मागणे वेगळे.

आता क्लासवाल्यांबद्दल. "शंभर टक्के नोकरीची हमी" असे फलक लावून आपल्या आईबापांच्या कर्जावर धंदा करणारे गल्लोगल्ली आहेत. परीक्षेची फी वेगळीच: सीसीएनएची ३०० डॉलर, म्हणजे कर धरून पंचवीस हजारांच्या वर. एवढे पैसे भरल्यावर हे लोक पोरांच्या हातात डम्प देतात, म्हणजे फुटलेल्या प्रश्नांची यादी. पाठ करा, पास व्हा. पकडले गेले तर प्रमाणपत्र रद्द होते. पकडले नाही गेले, तर मुलाखतीत पहिल्या पाच मिनिटांत उघडे पडतात. मग तोच मुलाखत घेणारा बाहेर जाऊन सांगतो, "यांची गुणवत्ता बघा." डम्प विकणारा आपल्या पोरांना फक्त लुटत नाही, तो मनुवाद्यांच्या हाती आयते कोलीत देतो. त्याच्याकडे पाठ फिरवा. सर्टिफिकेट म्हणजे नोकरी नव्हे. ते फक्त दार ठोठावायचा हक्क देते. आत टिकवते ती समज.

आणि आत गेल्यावर जात संपते, या भ्रमातही कोणी राहू नये. ज्या सिस्कोचे प्रमाणपत्र जगभर चालते, त्याच सिस्कोवर जून २०२० मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या नागरी हक्क खात्याने जातिभेदाचा खटला दाखल केला. एका दलित अभियंत्याला सवर्ण वरिष्ठांनी जातीवरून वागणूक दिली, असा आरोप होता. कंपनीने तो नाकारला. एप्रिल २०२३ मध्ये दोन वरिष्ठांवरचा दावा खात्याने मागे घेतला, कंपनीवरचा पुढे चालू ठेवला. निकालाची चर्चा बाजूला ठेवा. त्या अभियंत्याने तक्रार केली आणि अमेरिकेत जात हा शब्द न्यायालयाच्या कागदावर आला, हे महत्त्वाचे. तो तिथे पोहोचला होता म्हणून बोलू शकला. म्हणून शिकायचेही आणि संघटितही राहायचे. यातले एक सोडून दुसरे चालत नाही.

मग करायचे काय? प्रत्येक विहाराच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेच्या टेबलाशेजारी एक टेबल नेटवर्किंगचे लावा. दोन जुने संगणक, एक जुना स्विच, क्रिंपिंगचे पक्कड आणि थोडी केबल पुरते. राउटर विकत घ्यायची गरज नाही. पॅकेट ट्रेसर हे सॉफ्टवेअर नोंदणी करून फुकट मिळते, त्यात कागदावरचे अख्खे नेटवर्क उभे करता येते. वायरशार्कही फुकट आहे, त्यात तारेतून जाणारा डेटा डोळ्यांनी दिसतो. आठवड्यातून तीन संध्याकाळी बसा. ज्याला केबल ओढता येते त्याने क्रिंपिंग शिकवावे, ज्याला इंग्रजी येते त्याने पुस्तक वाचून दाखवावे. मुलींना पहिल्या रांगेत बसवा, त्यांच्यासाठी वेळ संध्याकाळी लवकरची ठेवा. आणि जयंतीच्या वर्गणीतून डीजेचा एक तास कमी करून त्या पैशातून एका होतकरूची परीक्षा फी भरा. दरवर्षी एक. पास झालेल्याने पुढच्या वर्षी दोघांना शिकवायचे, हीच त्याची परतफेड.

गिरणीतल्या विणकाम खात्याचे दार आपल्या आज्यापणज्यांना बंद होते. या जाळ्याचे दार अजून पुरते बंद झालेले नाही. ते बंद व्हायच्या आत आत शिरा, आणि शिरलात की मागच्यासाठी ते धरून ठेवा.

जय भीम! जय भारत!