एकांकिकेला दुसरा प्रयोग हवा

श्रावण सुरू झाला की महाराष्ट्रातील महाविद्यालयांच्या रिकाम्या वर्गांतून रात्री उशिरापर्यंत आवाज ऐकू येऊ लागतात. बाके भिंतीशी सरकवून मोकळ्या केलेल्या जागेत दहा-पंधरा मुलेमुली एकच प्रवेश पुनःपुन्हा करून पाहत असतात. कोणी संहितेत खाडाखोड करीत असतो, कोणी जुन्या साड्यांचे पडदे शिवीत असते. हा एकांकिका स्पर्धांचा हंगाम होय. पुण्याच्या ‘महाराष्ट्रीय कलोपासक’ या संस्थेने १९६३ साली पुरुषोत्तम करंडक स्पर्धा सुरू केली. ‘लोकसत्ता’ने २०१४ पासून ‘लोकांकिका’ भरविण्यास आरंभ केला. निरनिराळ्या स्पर्धांत गाजलेल्या एकांकिका मुंबईत ‘चतुरंग’च्या ‘सवाई’साठी एकत्र येतात आणि २५ जानेवारीच्या रात्री जागणारा प्रेक्षक प्रजासत्ताक दिनाची पहाट नाट्यगृहातच पाहतो. एवढी तरुण शक्ती, एवढे लेखन आणि एवढे श्रम दरवर्षी ज्या कलाप्रकारावर ओतले जातात, त्याची दखल परिवर्तनाची भाषा बोलणाऱ्या चळवळीने कितपत घेतली आहे, हा प्रश्न विचारण्याची वेळ आली आहे.

उत्तर समाधानकारक नाही. कार्यकर्त्यांच्या मनात एकांकिकेविषयी दोन समजुती घर करून आहेत. पहिली अशी की, एकांकिका म्हणजे महाविद्यालयीन हौस. नोकरी-संसाराला लागेपर्यंतचा खेळ. दुसरी अशी की, नाटक हे विचार पोहोचविण्याचे वाहन. त्यात आपला विचार भरला असेल तर ते चांगले, नसेल तर ते निरुपयोगी. पहिल्या समजुतीमुळे कार्यकर्ता नाटकाला जातच नाही. दुसरीमुळे तो जातो, पण पाहत नाही. तो केवळ हजेरीपटावर खुणा करीत बसतो. शोषकाचे नाव घेतले काय, घोषणा झाली काय, शेवटी मूठ वर गेली काय! या दोन समजुतींपैकी दुसरी अधिक घातक आहे, कारण तिला कर्तव्याचे रूप असते.

वस्तुतः या देशातील समतेच्या चळवळीचा रंगभूमीशी संबंध आजकालचा नाही. महात्मा फुले यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ लिहिले आणि दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाकारले. अज्ञानाचा फायदा घेऊन शेतकरी कुटुंबाला नाडणारा जोशी त्यात आहे; परंतु नाटक केवळ त्याला शिव्या देऊन थांबत नाही, नाडले जाण्याची क्रिया पायरीपायरीने डोळ्यांसमोर उलगडून दाखविते. पुढे अण्णाभाऊ साठे यांनी तमाशाचा ढाचा घेऊन कामगारवस्तीत लोकनाट्य उभे केले. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने वसंत बापट यांच्यासारख्या कवीला आणि निळू फुले, राम नगरकर यांच्यासारख्या नटांना गावोगावच्या मैदानांत नेले, पु. ल. देशपांडे यांचे ‘पुढारी पाहिजे’ हे लोकनाट्य याच कलापथकाचे. १९८३ साली स्त्री मुक्ती संघटनेने ज्योती म्हापसेकर यांचे ‘मुलगी झाली हो’ रस्त्यावर आणि चाळींच्या अंगणांत केले, तेव्हा शंभर व्याख्यानांनी जे साधले नसते ते तासाभरात साधले. हा वारसा सांगताना कार्यकर्त्यांचा ऊर भरून येतो. परंतु वारशाची आठवण काढणे वेगळे आणि वारसा चालविणे वेगळे. आज मेळाव्यात कलावंतांना बोलाविले जाते ते बहुतेक वेळा प्रमुख वक्त्यांची गाडी येईपर्यंत सभा खिळवून ठेवण्यासाठी. गाडी आली की प्रवेश अर्ध्यावर तोडला जातो, आणि याचे कोणालाही काही वाटत नाही.

एकांकिका म्हणजे आखूड केलेले नाटक नव्हे, हे प्रथम ध्यानी घेतले पाहिजे. तीन अंकी नाटकाला पात्रांचा परिचय करून देण्यास, घराण्याचा इतिहास सांगण्यास सवड असते. एकांकिकेला ती नसते. तणाव वाढत वाढत तुटण्याच्या बेतास आला, त्या क्षणी तिचा पडदा वर जातो. त्यामुळे मागचे सारे आयुष्य एखाद्या वाक्यात, वस्तूत किंवा स्तब्धतेत सूचित करावे लागते. ज्याला ही सूचना टिपता येत नाही, त्याला एकांकिका ‘समजली नाही’ असे वाटते. आणि जे समजले नाही ते प्रतिगामी, असा निष्कर्ष काढण्याची घाई तो करतो.

महेश एलकुंचवार यांची ‘होळी’ हे याचे जुने पण अजूनही उपयोगी उदाहरण आहे. होळीची सुट्टी नाकारली म्हणून वसतिगृहातील विद्यार्थी बिथरतात. दिवसभराच्या बेफिकीर दंग्यातून फितुराचा शोध सुरू होतो आणि अखेर एका दुबळ्या मुलाचा बळी जातो. केतन मेहता यांनी १९८४ साली तिच्यावर चित्रपट काढला. या एकांकिकेत घोषणा नाही, सोडविणारा नायक नाही, उपायही नाही. ‘मग यातून घ्यायचे काय?’ असे विचारणाऱ्या कार्यकर्त्याने क्षणभर थांबून पाहावे की, दिशा नसलेला असंतोष वरच्या सत्तेकडे न वळता आपल्यातल्याच दुबळ्यावर कसा कोसळतो, हे त्याने आपल्या शहरातील दंगलीत पाहिलेले नाही काय? ज्याला संघटना बांधावयाची आहे त्याला हे दर्शन दहा प्रचारनाट्यांपेक्षा अधिक मोलाचे आहे. नाटककाराने उपाय सांगितला नाही, ही त्याची उणीव नव्हे. उपाय शोधणे हे ज्यांचे काम त्यांच्यापुढे त्याने रोग उघडा करून ठेवला आहे.

उलटपक्षी, विचार असला म्हणजे कला उणावते ही समजूतही तितकीच खोटी आहे. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला पन्नास वर्षे पुरी होत असताना प्रेमानंद गज्वी यांची ‘घोटभर पाणी’ रंगभूमीवर आली. राज्यघटनेने दिलेला हक्क आणि पाणवठ्यावरचा व्यवहार यांतील अंतर या एकांकिकेने एका घोटात मोजले. दत्ता भगत यांच्या ‘आवर्त’ने त्याच सुमारास दलित जीवनाचा प्रश्न लोकनाट्याच्या बाजात मांडला. या कृती गाजल्या त्या केवळ विषयाच्या बळावर नव्हेत. अन्यायाची हकिकत सांगणे सोपे असते. ऐकणाऱ्याच्या घशाला कोरड पडेल अशी ती उभी करणे कठीण असते.

नव्या पिढीच्या लेखनाकडे याच दृष्टीने पाहिले पाहिजे. नाशिकच्या प्राजक्त देशमुख यांची ‘देवबाभळी’ प्रथम एकांकिका म्हणून स्पर्धांतून आली; २०१७ साली ती पूर्ण संगीत नाटक म्हणून व्यावसायिक रंगभूमीवर उतरली आणि २०२० चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार तिच्या वाट्याला आला. तुकोबांची भाकरी घेऊन रानोमाळ हिंडणारी आवली, तिच्या पायात रुतलेला बाभळीचा काटा, आणि तिच्या घरी राबायला आलेली रखुमाई, एवढाच हा व्यवहार. वरवर पाहणाऱ्याला ही भक्तिकथा वाटेल. परंतु एकाच्या अभंगवाणीसाठी दुसऱ्या कोणाला चूल पेटती ठेवावी लागते, आणि देवाच्या घरीही हा हिशेब चुकलेला नाही, हे तिथे दोन बायका आपसांत बोलतात. घरकामाच्या अदृश्य श्रमांवर परिसंवाद भरविणाऱ्यांनी या बोलण्याकडे पाठ फिरविली, तर तोटा कोणाचा? दत्ता पाटील यांचा ‘हंडाभर चांदण्या’ हा दीर्घांक पाण्याच्या टँकरची वाट पाहणारे दुष्काळी गाव रंगमंचावर आणतो. टंचाईच्या अहवालात टँकरच्या खेपा मोजल्या जातात. वाट पाहण्यात माणसाचे काय होते, हे मोजण्याचे कोष्टक कोणत्याही अहवालात नसते. ते काम नाटकाला करावे लागते.

या संदर्भात ठाण्यातील प्रयोग विशेष उल्लेखनीय आहे. रत्नाकर मतकरी यांनी समता विचार प्रसारक संस्थेच्या साहाय्याने २०१४ साली ‘वंचितांचा रंगमंच’ सुरू केला. शहरातील वस्त्यांमधील मुलामुलींनी आपल्याच अनुभवांतून छोट्या नाटिका रचाव्यात, आपणच त्या कराव्यात आणि शहराने त्या पाहाव्यात, ही त्यामागील कल्पना. मतकरी २०२० साली गेले; तोवर अर्धशतकाहून अधिक काळ लिहिणाऱ्या या नाटककाराने उतारवयात वस्तीतल्या मुलांसमोर बसून त्यांचे ऐकले, ही गोष्ट प्रत्येक कार्यकर्त्याने मनात कोरून ठेवावी अशी आहे. ‘त्यांच्यासाठी नाटक करणे’ आणि ‘त्यांचे नाटक पाहणे’ यांतील फरक ज्या चळवळीला कळतो, तिलाच लोकशाही समाजवादाचा अर्थ कळला असे म्हणता येईल.

अर्थात नव्या एकांकिकांत सारेच आलबेल आहे असे नव्हे. २०२२ साली पुरुषोत्तम स्पर्धेच्या परीक्षकांनी अपेक्षित दर्जा न आढळल्यामुळे करंडक कोणत्याच संघास न देण्याचा निर्णय घेतला आणि मोठी खळबळ उडाली. परीक्षक कठोर की विद्यार्थी कच्चे, यावर बरीच चर्चा झाली. तथापि मूळ दुखण्याकडे फारसे कोणी वळले नाही. एकांकिका आज जवळजवळ सर्वस्वी स्पर्धेसाठी लिहिली जाते. वेळेची मर्यादा, परीक्षकांची आवड, आधीच्या वर्षी बक्षीस मिळविलेल्या संघाची धाटणी यांचे ओझे लेखकाच्या हातावर पडते. शेवटी काहीतरी धक्का हवा, नेपथ्य फिरते हवे, प्रकाशयोजना डोळे दिपविणारी हवी, असा समज रूढ होतो. आणि ज्या महाविद्यालयाची तिजोरी लहान, तेथील मुलांचा धीर आधीच सुटतो. निकाल लागल्यावर संहिता कपाटात जाते. फारच थोड्या एकांकिका छापल्या जातात आणि त्याहून थोड्या पुन्हा पाहावयास मिळतात. ज्या कृतीला एकाच रात्रीचे आयुष्य असते, तिच्या लेखकाला आपली चूक कळण्यास आणि सुधारण्यास अवसर कोठून मिळणार? बाजारात टिकून राहण्याचा नियम ज्यांना अर्थव्यवहारात मान्य नाही, त्यांनी तो कलेच्या क्षेत्रात निमूट मान्य करावा, ही विसंगती आहे.

याखेरीज सेन्सॉरचे जोखड आहेच. महाराष्ट्रात नाटकाच्या जाहीर प्रयोगापूर्वी संहिता परिनिरीक्षण मंडळापुढे ठेवण्याचा दंडक चालत आला. अमोल पालेकर यांनी २०१६ साली त्यास मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. परंतु सरकारी शिक्क्याइतकीच भीती आज झुंडीची आहे, आणि तिसरी भीती आपल्याच माणसांची आहे. ‘आपल्या जातीवर का लिहिले’, ‘आपल्या संघटनेची थट्टा का केली’ असे लेखकाला दटावणारा कार्यकर्ता झुंडीच्या रांगेतच उभा असतो, त्याच्या हातातील झेंड्याचा रंग कोणताही असो. आविष्कारस्वातंत्र्याचा पुरस्कार आपल्यावर टीका होते तेथूनच सुरू झाला पाहिजे.

मग चळवळीने करावे काय? उपाय अवघड नाहीत आणि त्यांना मोठा निधीही लागत नाही. प्रत्येक तालुका शाखेने वर्षातून किमान एक संध्याकाळ नव्या एकांकिकांसाठी राखून ठेवावी. जवळच्या महाविद्यालयात त्या वर्षी जी एकांकिका बसली असेल, तिला बक्षीस मिळालेले असो वा नसो, तिचा दुसरा प्रयोग युनियनच्या कचेरीत, शाळेच्या पटांगणात, बाजाराच्या गावी करवून घ्यावा. नटांना जाण्यायेण्याचे भाडे आणि जेवण द्यावे. लेखकाची परवानगी घ्यावी आणि त्याला मानधन द्यावे. श्रमाच्या मोबदल्यासाठी झगडणाऱ्यांनी लेखकाचे श्रम फुकट वापरू नयेत, हे निराळे सांगावयास नको. जेथे रंगमंच नाही तेथे दोन बाके मांडून नाट्यवाचन करावे. चांगल्या एकांकिकेचे बळ कानांनाही कळते. त्या संध्याकाळी अध्यक्षीय भाषण ठेवू नये. प्रयोगानंतर अर्धा तास प्रेक्षकांनी बोलावे आणि पुढाऱ्यांनी मागच्या रांगेत बसून ऐकावे.

आणि ऐकताना तीन गोष्टी तपासाव्यात. लेखकाने आयुष्याचा नेमका कोणता क्षण निवडला आणि तोच का? रंगमंचावर कोणाची भाषा प्रथमच ऐकू आली: खानदेशातल्या शेतमजुराची, कंत्राटी सफाई कामगाराची, की परीक्षांच्या जाहिरातींची वाट पाहत शहरात खोली भाड्याने घेऊन राहिलेल्या पदवीधराची? आणि पात्रे कशाविषयी बोलली नाहीत? या तीन प्रश्नांची उत्तरे शोधणे म्हणजेच रसग्रहण. ‘संदेश काय?’ हा चौथा प्रश्न त्यानंतर विचारावा. बहुधा तो विचारण्याची गरज उरणार नाही.

बेकारी, शेतमालाचे भाव, जातीय तेढ असे जळते प्रश्न असताना नाटकाची चर्चा कशाला, असे विचारणारे भेटतील. त्यांना एवढेच सांगावयाचे की, हे प्रश्न ज्या तरुणांच्या अंगावर कोसळत आहेत, ते आज सभेला येत नाहीत. पण रिकाम्या वर्गात, मिणमिणत्या दिव्याखाली, ते आपली हकिकत मोठ्याने म्हणून पाहत आहेत. त्यांना सभेला बोलाविण्यापूर्वी एकदा त्यांच्या तालमीला जाऊन बसावे. जो पक्ष तरुणांचे ऐकत नाही, त्याचे तरुणांनी ऐकावे, ही अपेक्षा न्यायाची नाही.