देवाचा मांडव, मताचा बाजार

गावच्या देवळात सप्ताह बसतो. शेतकरी पायलीभर धान्य देतो, सुतार मांडवाच्या मेढी रोवतो, आयाबहिणी पहाटेपासून चुलीपुढे बसतात. शेवटच्या दिवशी काल्याचे कीर्तन रंगात येते न येते तोच मोटारीचा धुरळा उडतो. पुढारी आले! बुवा थांबतात, टाळ थांबतात, शाल-नारळ होतो, आणि ज्या कर्ण्यावरून हरिनाम चालले होते त्याच कर्ण्यावरून मत मागितले जाते. पंगत पुढाऱ्याने दिली, असे फलक सांगतो. धान्य देणाऱ्या कुणब्याचे नाव त्यावर नाही. याला धर्मकार्य म्हणावयाचे काय? आम्ही याला गावाच्या घामाची चोरी म्हणतो.

देव आणि माणूस यांच्यामध्ये दलाल नको, हे सांगण्यासाठी जोतीराव फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला. तेव्हाचा दलाल दक्षिणा मागत होता. आजचा मत मागतो, आणि तो आपल्याच सोयऱ्याधायऱ्यांतला आहे एवढाच फरक! कोणी म्हणेल, १९२२ साली पुण्यात जेधे-जवळकरांच्या छत्रपती मेळ्याने उत्सवातच राजकारण केले नाही काय? केले. पण तेव्हा गरीब रयतेच्या हाती मतही नव्हते. आज मत प्रत्येकाला आहे आणि सभेला मैदानही आहे. मग देवाच्या आडून यावयाचे कारण काय?

कायदा मुका नाही. धार्मिक स्थळाचा वापर राजकीय कार्यासाठी करू देणे हा १९८८ च्या कायद्याने गुन्हा आहे. पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. हा कायदा बारमाही आहे, निवडणुकीपुरता नव्हे. १९५१ च्या कायद्याने धर्माच्या किंवा जातीच्या नावाने मत मागणे हा भ्रष्टाचार ठरतो, आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने असा निवाडा दिला की, जात-धर्म उमेदवाराचा असो की मतदाराचा, त्याच्या नावाने मत मागता येणार नाही. पण कायदा कागदावर निजतो, कारण त्याला जागे करणारे आपण पंगतीत बसलेलो असतो!

आता सरकारी जागांचे पाहा. १९२३ साली सीताराम केशव बोल्यांनी मुंबई कौन्सिलात ठराव मंजूर करून घेतला की, सार्वजनिक पाणवठे, शाळा, धर्मशाळा अस्पृश्य बांधवांना खुल्या असाव्यात. ठराव झाला, तरी महाडच्या तळ्याचे पाणी पिण्यासाठी १९२७ साली बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला. सार्वजनिक म्हणजे सर्वांचे, हे आपण इतकी किंमत देऊन शिकलो. आज त्याच समाजमंदिराची किल्ली सत्तेवरच्या पक्षाच्या खिशात आणि विरोधकाला कुलूप, हा नवा सोवळेपणा नव्हे तर काय? निवडणुकीची आचारसंहिताही हेच सांगते की, मैदाने आणि विश्रामगृहे सर्व पक्षांना सारख्याच अटींवर मिळावीत.

म्हणून बांधवांनो, पुढच्या ग्रामसभेत तीन गोष्टींचा ठराव करा. देवळात व सप्ताहात कोणत्याही पक्षाचे भाषण नाही, फलक नाही. चावडीपुढचे पटांगण व समाजमंदिर सर्वांना एकाच भाड्याने, ज्याचा अर्ज आधी त्याला आधी. आणि वर्गणीचा हिशेब पैन्‌पै गावापुढे वाचावयाचा. पुढारी सप्ताहाला आला तर येऊ द्या. पण आपल्यासारखा खाली सतरंजीवर बसू द्या. तेवढे बसणे ज्याला जमत नाही, तो आपल्या मताला लायक नाही.