स्वभावाला औषध नाही?

घरात कुणी सतत वादळं उठवत असलं की आपली वडीलधारी मंडळी एका वाक्यात निकाल देऊन टाकतात, "स्वभावाला औषध नाही!" शाळेत शिक्षकांच्या खोलीतही हे वाक्य मी आयुष्यभर ऐकलं. आज त्याविषयीच थोडं.

बॉर्डरलाईन पर्सनॅलिटी डिसऑर्डर नावाचा विकार आहे. टोकाचा संताप, आपली माणसं सोडून जातील ही धास्ती, पुन्हापुन्हा स्वतःला इजा करून घेणं. हा विकार घालवणारी गोळी आजही नाही. म्हणजे म्हण शब्दशः खरीच! पण औषध नाही म्हणून उपचारच नाही, असं थोडंच आहे?

लंडनमध्ये बेटमन आणि फॉनगी यांनी अशा रुग्णांना दीड वर्ष दिवसा रुग्णालयात बोलावलं. स्वतःच्या आणि समोरच्याच्या मनात काय चाललंय ते ओळखायला शिकवलं. पुढे आणखी दीड वर्ष गटात बसवलं. नंतर पाच वर्षं हा उपचार नाही. मग ४१ जणांची तपासणी केली, ती २००८ साली प्रसिद्ध झाली. नेहमीचे उपचार घेतलेल्यांपैकी ८७ टक्के लोकांत विकार होताच. या गटात फक्त १३ टक्के. शिकवलेलं टिकलं की हो! मास्तराला आणखी काय हवं?

पण प्रगतिपुस्तकाचं दुसरं पानही बघावं. या गटातही रोजचं जगणं बऱ्यापैकी सावरलेले निम्म्याहून कमीच, ४५ टक्के. अमेरिकेत मॅकलीन रुग्णालयातून गेलेल्या २९० जणांचा झनारिनी बाईंनी १६ वर्षं माग ठेवला. त्यांचे उपचार निरनिराळे होते. जवळजवळ सगळ्यांची लक्षणं कधी ना कधी निदान दोन वर्षं तरी ओसरली. पण त्याबरोबर नोकरी किंवा शिक्षण आणि जिव्हाळ्याचं एखादं नातं, हे जमलेले ६० टक्के.

माझं म्हणणं एवढंच, की राग शांत झाला म्हणजे माणूस उभा राहिला असं नव्हे. ऐन शिकायच्या वयातली वर्षं आजाराने खाल्लेली असतात. म्हणून अर्धवट राहिलेली परीक्षा, छोटीशी नोकरी, हाही उपचाराचाच भाग धरायला हवा, अगदी पहिल्या दिवसापासून.

आणि अशा घरी जाऊन "लग्न करून टाका, सगळं ताळ्यावर येईल" असं सांगणाऱ्या नातेवाईकांना (माझ्या वाचकांत ते आहेतच!) हात जोडून विनंती. लग्न हा उपचार नाही. त्यापेक्षा त्या मुलीला टायपिंगच्या क्लासला सोबत करा.

असो. तुम्हाला काय वाटतं, जरूर कळवा.