सुकाणू एकाच्या हाती, दोर दुसऱ्याच्या

नवरा-बायकोचे भांडण कशावरून जुंपेल याचा नेम नसतो. भाजीतल्या मिठावरून जुंपते, पाहुण्यांवरून जुंपते. पण चक्क एका कालव्यालाच लोकांनी ‘घटस्फोटाचा चर’ असे नाव ठेवल्याचे कधी ऐकले आहे काय? स्वीडन देशात असा कालवा आहे. त्याचे खरे नाव योटा कालवा.

व्हेनर्न या अफाट सरोवरापासून निघून हा जलमार्ग मेम या गावी बाल्टिक समुद्राला मिळतो. लांबी 190 किलोमीटर. त्यातला 87 किलोमीटरचा भाग माणसांनी खणलेला. बाकीचा प्रवास व्हेटर्न, बोरेन, रोक्सेन अशा सरोवरांतून होतो. उन्हाळ्यात कितीतरी जोडपी आपली छोटी बोट घेऊन या वाटेला लागतात. पाच-सहा दिवस तरी मोडतात.

मग भांडण कुठे होते? लॉकमध्ये. लॉक म्हणजे पाण्याची पायरी. वाटेत जमीन समुद्रापासून जवळजवळ 92 मीटर उंच चढते आणि पुन्हा उतरते. पाणी काही डोंगर चढत नाही. म्हणून दोन्ही बाजूंना दरवाजे असलेले दगडी हौद बांधले आहेत. बोट आत घ्यायची, मागचा दरवाजा लावायचा आणि वरचे पाणी आत सोडायचे. हौद भरतो तशी बोट वर येते. मग पुढचा दरवाजा उघडतो. असे एक-दोन नव्हे, 58 लॉक आहेत. बर्ग येथे तर सात लॉक जिन्यासारखे एकाला एक लागून आहेत.

चढताना एकजण सुकाणू धरतो, दुसरा दोर घेऊन काठावर उतरतो. बहुधा सुकाणूवर नवरा आणि दोराशी बायको. पाणी जोराने आत आले की बोट हेलकावते. पुढचा दोर सतत ताणून घ्यावा लागतो. जरा ढिला पडला की बोटीचे तोंड फिरते आणि भिंतीवर, नाहीतर शेजारच्या बोटीवर आदळते. मग सुरू होते! ‘तुला एवढेही जमत नाही?’ ‘तुम्ही आधी सांगितले होते काय?’

खरे पाहता चूक दोराची नसते, न सांगण्याची असते. म्हणून शहाणी जोडपी लॉक येण्याआधीच ठरवून घेतात, कोणी काय धरायचे, खूण कोणती करायची. कामेही आलटून पालटून करतात. एक दिवस दोर ओढला की सुकाणूवाल्याला कळते, हाताला फोड कसे येतात.

आता हा कालवा खणला कोणी, तेही पाहू. बाल्टसार फॉन प्लाटेन या नौदलातील सरदाराने तो पुढे रेटला. 1810 साली काम सुरू झाले, 1832 साली संपले. प्लाटेन 1829 सालीच वारला. कालवा पुरा झालेला त्याने पाहिला नाही. त्याचे नाव इतिहासात राहिले, ते योग्यच. पण लोखंडी पात्याची लाकडी फावडी घेऊन, दिवसाला बारा-बारा तास माती उपसली ती सुमारे 58,000 सैनिकांनी. त्यांची नावे किती जणांना ठाऊक आहेत?

घरातही असेच होते. घर चालवतो म्हणून एकाचे नाव होते. पहाटे उठून पाणी भरणारी, डबा करणारी, पोरांचा अभ्यास घेणारी दोराशी उभी असते. तिचे श्रम कोणी मोजत नाही. दोर तिच्या हातून निसटला, की मात्र सगळ्यांना दिसतो.

तेव्हा बंधूंनो, आज घरी गेल्यावर एवढेच करा. तिला विचारा, ‘उद्या मी काय धरू?’ आणि भगिनींनो, त्यांनी विचारले तर ‘राहू द्या, तुम्हाला जमायचे नाही’ असे म्हणू नका. दोर हातात द्या. दोन-चार वेळा बोट भिंतीला घासेल. घासू द्या. त्यानेच हात शिकतो.