‘जाते’ नव्हे, ‘येते’ म्हण!

घराबाहेर पडताना तोंडून ‘जातो’ निघाले की आई हातातले काम टाकून ओरडायची, “जातो काय म्हणतोस, येतो म्हण!” आमच्या घरात ही शिस्त दोन्ही भाषांत पाळली जाते. सौभाग्यवतीचे माहेर बैलहोंगलचे. तिथेही कुणी नुसते जात नाही. ‘होगि बर्तेन्री’ म्हणजे ‘जाऊन येतो हं’ असे म्हणूनच चपला घालायच्या. पण वाचकहो, या ‘येतो’ शब्दाची खरी किंमत मला परवा माझ्या धाकट्या लेकीमुळे कळली.

झाले असे की, लेकीने आणि तिच्या तीन मैत्रिणींनी सायकलने समुद्रावर जायचे ठरवले. पहाटे सायकलवर भटकणारी मंडळी आता आपल्या गावात पुष्कळ दिसतात, त्यांतल्याच या चौघी. जेवणाच्या टेबलावर तिने नकाशा पसरला. पहिल्या दिवशी बेळगाव ते वेंगुर्ला, दुसऱ्या दिवशी किनाऱ्याने मालवण आणि तिसऱ्या दिवशी कुडाळ, सावंतवाडी, आंबोली करून थेट घरी. मी म्हटले, “शेवटचा दिवस जड जाईल गं.” तर म्हणाली, “बाबा, तुम्ही आजोबांच्या त्या लोखंडी सायकलवर आंबोली चढून आलात. माझ्या सायकलला तर गिअर आहेत!”

माझ्या हातातला घास हातातच राहिला. ते का, ते पुढे सांगतो. आधी रस्त्याविषयी.

आपण सीमाभागातली माणसे भाग्यवान. समुद्र आपल्यापासून एका दिवसाच्या सायकलवाटेवर आहे, आणि तोही एका वाटेने नव्हे. बेळगावहून हिंडलगा, शिनोळी, पाटणे फाटा करत चंदगड तालुक्यातून आंबोली आणि खाली दाणोली, सावंतवाडी, वेंगुर्ला असा सुमारे सव्वाशे किलोमीटरचा जुना रस्ता आहे. वेंगुर्ल्याचे बंदर आणि बेळगावची लष्करी छावणी जोडण्यासाठी इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात हा घाट बांधून काढला. निपाणीकरांना मुदाळ तिट्टा, राधानगरी, दाजीपूर आणि फोंडा घाट उतरून देवगड गाठता येते. वाटेत शाहू महाराजांचे धरण आणि गव्यांचे अभयारण्य लागते. जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ला घाटाने गोव्यात उतरणारी तिसरी वाट आहेच. पूर्वी याच घाटांतून बैलगाड्या वरचे धान्य आणि गूळ खाली नेत आणि खालचे मीठ, नारळ, सुकी मासळी वर आणत.

खाली पोचल्यावर पुष्कळांचा एक गैरसमज असतो. समुद्रकाठ म्हणजे सपाट, आता पाय न मारता गेले तरी चालेल! नकाशात किनारा सपाट दिसतो खरा, पण कोकणात तसे नाही. सह्याद्रीतून निघालेल्या नद्या थोड्या अंतरातच समुद्राला मिळतात. दोन नद्यांच्या मध्ये जांभ्या दगडाचे सडे थेट पाण्यापर्यंत आलेले असतात. म्हणून रस्ता खाडीपर्यंत उतरतो, पूल ओलांडतो आणि पुन्हा सड्यावर चढतो. वेंगुर्ल्याहून दक्षिणेला निघालात तर मोचेमाडची घाटी, वेतोबाची आरवली, १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाचे शिरोडे, रेडीचा गणपती आणि पुढे तेरेखोलचा किल्ला. उत्तरेला परुळे, कर्ली खाडी आणि मालवण. तिथून आचरा, मिठबाव, कुणकेश्वर, देवगड आणि हौस असेल तर विजयदुर्ग. एकही चढ आंबोलीएवढा नाही, पण चढ-उतार दिवसभर चालू राहतात. उन्हात दहावी चढण आली की मोठा घाट बरा वाटू लागतो.

जगात इतरत्रही असे किनारे आहेत. युरोपात अटलांटिक समुद्राला भिडणाऱ्या ब्रिटनी, गॅलिसिया, कॉर्नवॉल, आयर्लंड या भागांत डोंगर असेच पाण्यात घुसलेले आहेत. मासेमारीची गावे खाली, शेते वर आणि मध्ये उभी चढण. आयर्लंडने २०१४ मध्ये आपल्या पश्चिम किनाऱ्यावरचे रस्ते जोडून सुमारे अडीच हजार किलोमीटरचा एक पर्यटनमार्गच आखून दिला. फ्रान्समध्ये १८९१ पासून पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत पॅरिस असा बाराशे किलोमीटरचा सायकलप्रवास चालत आला आहे. पूर्वी ती शर्यत होती, आता हौशी सायकलस्वार दर चार वर्षांनी तो करतात. त्यासाठी जास्तीत जास्त नव्वद तास मिळतात. भारतातलेही सायकलस्वार तिथे जाऊन आले आहेत. वाटेत मोठा पर्वत एकही नाही, तरी लहान लहान टेकड्यांची बेरीज दहा हजार मीटरच्या वर जाते!

या प्रवासाचे नावच मला आवडते. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस. अटलांटिकच्या काठावरच्या ब्रेस्टला पोचलात म्हणून कुणी शाबासकी देत नाही. निघालात तिथे परत आलात तरच झाले. म्हणजे फ्रेंच लोकही ‘येतो’ म्हणूनच निघतात म्हणायचे!

आपल्या वाटेवर तर हा मुद्दा अधिकच महत्त्वाचा. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास, आंबोली सातशेच्या आतबाहेर. जाताना घाट उतरायचा असतो, येताना चढायचा. पुणे-मुंबईची मंडळी डोंगर चढायला निघतात तेव्हा पाय ताजे असतात आणि थकल्यावर उतार मिळतो. आपले उलटे. जाणे फुकट, येणे रोख! दाणोलीपासून आंबोलीपर्यंत सुमारे पंधरा किलोमीटरांत सहाशे मीटरच्या आसपास चढावे लागते आणि तेही दोन-तीन दिवस किनाऱ्यावर घाम गाळून झाल्यावर.

आता त्या घासाची गोष्ट.

१९८४ ची दिवाळी नुकतीच झाली होती. मी एकोणीस वर्षांचा. वडिलांची बावीस इंची सायकल मी घेतली आणि माझ्या कन्नड शाळेतल्या दोस्ताने भाड्याची आणली. घाट उतरताना सतत ब्रेक दाबून धरले, त्यामुळे अर्ध्यातच रबरे झिजली. शेवटची वळणे आम्ही चपला रस्त्यावर घासत उतरलो. वेंगुर्ल्याला पोचलो, समुद्र पाहिला, रात्री देवळात झोपलो. दुसऱ्या दिवशी परतताना दाणोलीला पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आले. दुसऱ्या वळणापाशी दोस्त खाली बसला. त्याला उलट्या सुरू झाल्या, पाणी संपलेले. घटकाभराने एसटी आली. कंडक्टर भला माणूस. दोन्ही सायकली टपावर चढवल्या, लगेजची पावती फाडली आणि आम्हाला आत बसवले. आम्ही शिनोळीला उतरलो, तिथून सायकली मारत गावात शिरलो आणि गल्लीत जाहीर केले, “आंबोली चढून आलो!”

कुणी पुरावा मागितला नाही. वडिलांनी पाठ थोपटली. पुढे लग्न झाले, मुले झाली, आणि दर वर्षी त्या घाटाला एकेक वळण जोडले गेले. खोटे बोलणाऱ्याला एक सोय असते. त्याच्या गोष्टीतला चढ कधीच दमवत नाही.

पण आता लेक त्याच गोष्टीच्या भरवशावर भर दुपारी घाट चढायला निघाली होती. माझी फुशारकी तिच्या हिशेबात धरली गेली होती. रात्रभर झोप लागली नाही. मोठेपणा सांभाळायचा की मुलगी, असा प्रश्न होता. सकाळी चहाच्या वेळी सगळे सांगून टाकले. एसटी, टप, पावती, शिनोळी, सगळे.

लेक क्षणभर गप्प राहिली. एवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, “ननग मोदल गोत्तित्तु.” म्हणजे मला आधीपासून ठाऊक होते! माझ्या शर्टाच्या खिशातली लगेजची पावती आईला तेव्हाच धुणे धुताना सापडली होती. ती कुणाला काही बोलली नाही. सून घरात आल्यावर मात्र तिला हळूच सांगून ठेवले. दोघी चाळीस वर्षे माझा घाट ऐकत होत्या आणि पदराआड हसत होत्या.

लेकीने नकाशा पुन्हा पसरला. बेत बदलला. तिसऱ्या दिवशी मालवणहून सावंतवाडीपर्यंतच यायचे आणि मुक्काम करायचा. चौथ्या दिवशी अंधार असतानाच निघायचे, म्हणजे उन्हाच्या आत घाट संपतो. उतरताना ब्रेक धरून ठेवायचे नाहीत. वळणाआधी वेग कमी करायचा, मग सोडायचे, आणि दर काही वळणांनी थांबून हात मोकळे करायचे. पाणी दाणोलीलाच पुरेपूर भरायचे. पावसाळा टाळायचा, कारण आंबोलीचे धुके आणि धबधब्यांची गर्दी दोन्ही सायकलच्या वैरी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. महामार्गाऐवजी किनाऱ्याचा रस्ता धरायचा, वेळ लागला तरी चालेल. पिशवीत भडंग, केळी आणि आईने दिलेला कुंदा.

निघताना आई दारात आली. “निधान होगव्वा,” म्हणजे सावकाश जा गं. लेक हसून म्हणाली, “येते.”

चौथ्या दिवशी सकाळी साडेनऊला आंबोलीहून फोन आला. मी विचारले, “चढलीस?” ती म्हणाली, “चढले बाबा, पण दोनदा उतरून ढकलली. आणि एका ठिकाणी रडले.” मागे मैत्रिणींचा दंगा ऐकू येत होता. तिथल्याच हिरण्यकेशीचे पाणी आजरा, गडहिंग्लज करत खाली आपल्या संकेश्वराकडे निघालेले असते, ते मनात आले.

संध्याकाळी सायकल दारात लागली. गल्लीत सगळ्यांनी विचारले, आणि तिने प्रत्येकाला सांगितले, “दोनदा ढकलली.” एकही वळण जास्त नाही, एकही कमी नाही. मी बाजूला उभा होतो. चाळीस वर्षांपूर्वी शिनोळीपासून पुढे जे अंतर मी मान ताठ करून कापले होते, ते मला त्या संध्याकाळी घाटापेक्षा मोठे वाटले.