निंदणाची पात लहान करा, माणूस वावरातून काढू नका



आधी वावराची नोंद. पऱ्हाटीला तिसरा डवरा फिरवला. पात्या धरायला लागल्या. सोयाबीन फुलावर आहे. चार दिवस उघाड मिळाली म्हणून निंदण उरकून घेतलं. सात बाया होत्या अन् मी. नाल्याकडच्या धुऱ्याने रानडुकराने नासधूस केली, तिथे जुन्या साड्या बांधल्या. किती दिवस टिकतात पाहू.

आज मात्र पिकावर लिहीत नाही. परवा चहाच्या टपरीवर एका पोराची गोष्ट निघाली. पस्तिशीच्या आतला असेल. कोण ते सांगत नाही, गावही सांगत नाही. पंधरा-वीस दिवस झाले, वावरात जात नाही. दार लावून पडून राहते. टपरीवरचे लोक म्हणे, "बाप्पा, आळशी झाला तो. बायको जाऊन राहिली निंदाले, अन् हा खाटेवर." सगळे हसले. मी हसलो नाही, पण बोललोही नाही. चहा पिऊन उठून आलो. त्या रात्री झोप लागली नाही, कारण दीड वर्षापूर्वी त्या खाटेवर मीच होतो. म्हणून आज लिहून टाकतो.

2023 च्या खरिपात आपल्याकडे सोयाबीनवर पिवळा मोझॅक आला, ते सगळ्यांना आठवत असेल. माझ्या सहा एकरात अकरा पोते झाले. पण सगळा दोष मोझॅकला देणार नाही. 2017 ला गुलाबी बोंडअळीने याच्यापेक्षा जास्त नेलं होतं, तेव्हा मी हललो नव्हतो. या वेळी आतलंच काहीतरी खचलं. नुकसान झालं की प्रत्येकाला हा आजार होतो असं नाही, अन् ज्याचं नुकसान झालं नाही त्यालाही तो होतो.

सुरुवातीला कुणाला कळलं नाही, कारण मी काम सोडलं नव्हतं. उलट वाढवलं. पहाटे तीनला डोळा उघडायचा तो लागायचाच नाही. चारला वावरात, अंधार पडल्यावर घरी. रब्बीत जागलीलाही मीच जायचो. लोक म्हणत, "भाऊ लय कामाचा." खरं असं होतं की घरात बसवत नव्हतं, कुणाशी बोलवत नव्हतं. अन् काम कसलं व्हायचं? हरभरा पेरला तर बियाण्याला औषध चोळायचं विसरलो. तुरीवर एकच फवारा तीन दिवसांत दोनदा मारला. मोटार सुरू ठेवून घरी आलो. हात चालत होते, डोकं बंद होतं.

जानेवारीत हातही बंद झाले. पऱ्हाटी फुटून लोंबत होती अन् मला खाटेवरून पाय खाली टाकवत नव्हते. हे ज्याने भोगलं नाही त्याला सांगून पटत नाही. इच्छा नसणं वेगळं अन् उठवतच नाही हे वेगळं. भर चिखलात बैलगाडी फसल्यावर बैलाला कितीही हाकला, तो मान टाकून उभा राहतो. तसं.

शेजारी आले. एक म्हणे, "काऊन गा, कापूस फुटून राहिला अन् तू घरातच? उठ, कामाले लाग, सगळं बरं होते." दुसरा म्हणे, "काही करू नको, महिनाभर आराम कर." दोघंही माझ्या भल्याचंच बोलत होते अन् दोघांचंही चुकत होतं. एका ठिकाणी नेलं तर तिथे सलाइन लावली अन् ताकदीच्या गोळ्या दिल्या. पैसे गेले, फरक पडला नाही.

शेवटी बायकोने ओळखलं. म्हणाली, "तीस वर्षं झाली पाहून राहिली मी तुमाले. तुमी आळशी नाही. तुमाले काहीतरी झालं आहे." तिने अन् मुलीने मिळून चंद्रपूरला मनाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी झोप विचारली, भूक विचारली, किती दिवसांपासून आहे ते विचारलं. मग शांतपणे विचारलं, जीव देण्याचा विचार येतो का? मी "येतो" म्हटलं. जन्मात पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. बायको बाजूलाच बसली होती. ती रडली, पण मला हलकं वाटलं.

रक्त तपासलं, कारण कधी कधी थायरॉईडनेही असं होते. मग गोळी सुरू झाली. ती लागू व्हायला दोन ते चार आठवडे लागतात हे त्यांनी आधीच सांगितलं, ते बरं झालं. नाहीतर मी आठव्या दिवशीच फेकून दिली असती. खत टाकल्या टाकल्या पीक हिरवं होत नाही, हे आपण जाणतोच.

मी विचारलं, "साहेब, आराम करू का काम करू?" ते म्हणाले, दोन्ही नाही. रोज एक लहान काम ठरवा, वेळ ठरवा, मन असो नसो तेवढं करा. झालं की थांबा.

पहिला आठवडा माझं काम एकच होतं. सकाळी सात वाजता गोठ्यात जाऊन दोन बैलांना पाणी पाजायचं. बस. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने दिवसाला तेवढंच करायचं, याची लाज वाटायची. पण बैलांना माझी लाज वाटत नव्हती. दुसऱ्या आठवड्यात पाणी अन् कुटार. मग धुऱ्यापर्यंत चालत जाणं. मग कापूस वेचणीला एक ओळ. एप्रिलमध्ये वखरावर उभा राहिलो.

माझं मत त्यातूनच झालं आहे. निंदायला माणूस उभा केला की त्याच्यापुढे पात असते. धडधाकट माणूस तीन ओळींची पात धरेल. ज्याला हा आजार आहे त्याला पूर्ण पात धरायला लावणं चूक, अन् त्याला वावरातूनच काढणं तेवढंच चूक. त्याची पात लहान करा, एका ओळीची करा. पण ती ओळ त्याची राहू द्या.

हे मी काही नवीन सांगत नाही. आपण वरोऱ्याचे लोक, आनंदवन आपल्या दाराशी आहे. बाबा आमटेंनी 1949 ला महारोगी सेवा समिती काढली. त्या काळी कुष्ठरोग झाला की माणसाला घराबाहेर, गावाबाहेर काढत. बाबांनी त्याच माणसांच्या हातांनी खडकाळ जमिनीत विहीर खोदली, शेती उभी केली. ज्याची बोटं झडली त्याला कामातून काढलं नाही, त्याच्या हाताला जमेल ते काम त्याला दिलं. आपण ते पाहतो, पाहुण्यांना नेऊन दाखवतो, पण एक गोष्ट विसरतो. तिथे नुसतं काम नव्हतं, औषधही होतं. बाबा कलकत्त्याला जाऊन कुष्ठरोगाच्या उपचाराचं शिक्षण घेऊन आले होते. औषधाशिवाय नुसतं "कामाला लाग" असं त्यांनी कुणाला म्हटलं नाही.

अन् स्वतः बाबा? पाठीच्या कण्याच्या आजाराने त्यांना बसताच येत नव्हतं. एक तर उभं राहायचं, नाहीतर आडवं व्हायचं. तशात सत्तरी ओलांडल्यावर, 1985 च्या डिसेंबरात, भारत जोडोसाठी कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले, बसमध्ये आडवे पडून. कुणी म्हटलं का, हा माणूस आळशी आहे, पडून राहते? नाही म्हटलं, कारण कणा दुखतो हे लोकांना पटते. मनाचा कणा दुखतो हे पटत नाही. फरक फक्त एवढाच आहे.

माझी मुलगी नर्सिंग शिकते. तिने मला दोन गोष्टी वाचून दाखवल्या. गोव्यात 'संगाथ' संस्थेने सरकारी आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला, त्याचा निकाल 2017 ला छापून आला. डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या माणसांनी उदास रुग्णांना सहा ते आठ वेळा भेटून हेच सांगितलं. मन होईल तेव्हा काम करीन म्हणून थांबू नका, लहान काम ठरवून करा, मन मागून येते. तीन महिन्यांनी अशा भेटी मिळालेल्यांपैकी 100 तले 64 आजारातून बाहेर आले होते, ज्यांना भेटी मिळाल्या नाहीत त्यांच्यातले 39.

दुसरी गोष्ट आपल्या विदर्भातलीच. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला. त्याच्या आधी उदासीचा आजार असलेल्या 100 लोकांपैकी उपचार घ्यायला जाणारे जेमतेम 4 होते. गावातल्या गावात बोलायला माणूस मिळाल्यावर ते 27 झाले. म्हणजे लोकांना इलाज नको असतो असं नाही. कुणी विचारणारं नसते.

आता मी काय काय करतो ते लिहितो. जमेल ते घ्या.

1. रात्रीच उद्याचं एक काम वहीत लिहून ठेवतो. एकच. सकाळी ठरवायला बसलं की ठरत नाही.

2. काम वावरातलंच पाहिजे असं नाही. बैल धुणं, पंपाचं नोजल साफ करणं, बारदाना शिवणं हेही काम आहे.

3. पैशाचे मोठे निर्णय, जसं जमीन विकणं, मक्त्याने देणं, नवीन कर्ज काढणं, आजार जोरात असताना करत नाही. बायको अन् मुलीला विचारल्याशिवाय तर नाहीच.

4. फवारणीचं औषध घरात ठेवत नाही. लागेल तेवढंच आणतो. उरलं तर कुलपात, अन् किल्ली माझ्याकडे नसते. हे प्रत्येक घराने करावं, आजार असो नसो.

5. गोळीने सुरुवातीला सुस्ती येत होती. तेव्हा ट्रॅक्टरवर बसलो नाही अन् फवारलं नाही. तुमचं तुमच्या डॉक्टरला विचारा.

6. बरं वाटलं म्हणून गोळी स्वतःहून बंद करत नाही. एकदा केली होती. दीड महिन्यात परत खाटेवर.

7. दारू नाही. झोप लागते असं वाटते, पण दुसरा दिवस अजून वाईट जाते.

कुणी म्हणेल, "तुमचं ठीक आहे भाऊ, पण वावर थांबते का? एका ओळीने कापूस घरी येते का?" बरोबर आहे. येत नाही. त्या वर्षी माझा कापूस बायकोने मजूर लावून वेचला, बराचसा मातीत गेला अन् मजुरीतही तोटा झाला. एका ओळीने माणूस वाचते, पीक नाही. उरलेल्या ओळी दुसऱ्या कुणालातरी धराव्या लागतात.

त्यासाठीच आपल्याकडे इर्जिक होती. एखाद्याचा पाय मोडला, बैल मेला, की गाव एक दिवस त्याच्या वावरात उतरायचं. तो फक्त जेवण द्यायचा. पाय मोडलेल्याला आपण तोंडावर आळशी म्हणत नव्हतो. मग मन मोडलेल्याला टपरीवर का म्हणतो? अन् नुसतं म्हणत नाही तर हसतो. मी स्वतः गप्प राहिलो, तोही हसण्यातलाच भाग झाला.

म्हणून ठरवलं आहे. उद्या सकाळी त्या पोराच्या घरी जाणार. उपदेश करणार नाही. विचारीन, झोप येते का बाबू, जेवतो का? नंतर म्हणीन, चल माझ्यासंग धुऱ्यापर्यंत, काही करू नको, पऱ्हाटी पाहून येऊ. नाही आला तर परवा परत जाईन. त्याच्या बायकोला डॉक्टरचं सांगून येईन. अन् त्याचं निंदण राहिलं आहे, रविवारी आम्ही चौघं-पाच जण तिथे उतरतो. आणखी कुणाला यायचं असेल तर मला फोन करा. विळा आपला आणा.

ज्यांना डॉक्टरपर्यंत जायला लाज वाटते त्यांनी 14416 हा नंबर लावावा. टेली-मानस नाव आहे, सरकारचा आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. दोन आठवड्यांच्या वर झोप नाही, कशात मन नाही, जगून काय करू असं वाटते, तर वाट पाहू नका. घरातलं कुणी असं बोललं तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात घेऊन जा.

पुढच्या नोंदीत बोंडअळीच्या कामगंध सापळ्यांवर लिहितो. पात्या लागल्या आहेत, सापळे लावायची वेळ झाली.

रामराम.